टेस्ट राइडला जाताना आपली गाडी धड करून जा

घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या घरात सगळ्यांना एकदम माझी पल्सर जुनी दिसायला लागली. २०११ ची १५० आहे. मीटरवर १ लाख ४१ हजार. मी औषध कंपनीचा एमआर, त्यामुळे सातारा, कोरेगाव, मेढा, वाई असं रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणं. सकाळी बायकोला एसटी स्टँडवर सोडायचं ते वेगळं. नवीन म्हणून डोळ्यांसमोर होती रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०.

या दोन महिन्यांत एकाच गाडीची टेस्ट राइड मी दोनदा घेतली. पहिली पूर्ण वाया गेली. ती का वाया गेली ते आधी सांगतो, कारण बहुतेक लोक तशीच घेतात.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी शोरूमला गेलो. जत्रा होती. तासाभराने डेमोची गाडी मिळाली, सेल्समन मागे बसला आणि आम्ही हायवेच्या सर्व्हिस रोडने दीड किलोमीटर जाऊन परत आलो. रस्ता गुळगुळीत, एकही वळण नाही. गाडी अशी चालली की जणू लोण्यावरून सुरी फिरतेय. उतरलो, माझ्या पल्सरवर बसलो आणि वाटलं, आपण चौदा वर्षं काय चालवतोय हे! बुकिंगचे पाच हजार भरायला निघालोच होतो, तेवढ्यात कार्ड घरी राहिल्याचं लक्षात आलं.

वाटेत हवा भरायला नेहमीच्या मेकॅनिककडे थांबलो. त्याने मागच्या टायरला गेज लावलं. सतरा. माझ्या गाडीला पुढे २५ आणि मागे २८ लागते, डबलसीट असेल तर ३२. मग त्याने चेन बोटाने उचलली, तर ती वर कव्हरला जाऊन लागली. हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिलं, मधे अडकत होतं, म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलेला. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही नव्या गाडीशी तुलना केलीच नाही. पंक्चरशी केली."

तेव्हा पहिली गोष्ट ही: टेस्ट राइडच्या आधी आपली गाडी धड करून घ्या. ऑइल, हवा, चेन, ब्रेक पॅड, कोनसेट. माझे साडेतीन हजाराच्या आसपास गेले. शोरूमची गाडी रोज पुसलेली, हवा-बिवा बघून ठेवलेली असते. तिच्यासमोर आपली आजारी गाडी उभी केली तर निकाल आधीच लागलेला असतो. शिवाय एक हिशोब मनात ठेवा. या साडेतीन हजारात तुमची निम्मी तक्रार मिटली, तर उरलेल्या निम्म्यासाठी दोन-अडीच लाख घालायचे का, हा प्रश्न समोर येतो. आला तर चांगलंच आहे.

दुसरी तयारी कागदाची. जाण्याच्या आदल्या रात्री एका प्रिस्क्रिप्शन पॅडच्या मागे (आमच्या घरात कागद तेवढाच मुबलक) मी दोन रकाने आखले. डावीकडे माझ्या गाडीच्या तक्रारी. कऱ्हाडला जाऊन आलो की कंबर धरते. मागे बायको आणि पोटाशी सॅम्पलची बॅग असली की चढाला ओव्हरटेक करताना हिंमत होत नाही. पावसात मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं, कारण ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस माझ्या गाडीला नाही. उजवीकडे, या गाडीतलं काय सोडायला जिवावर येईल ते. हलकी आहे, एका हाताने बोळातून मागे ढकलता येते. पन्नासाच्या जवळपास ॲव्हरेज देते. टाकी पंधरा लिटरची. पार्ट कुठल्याही गावात मिळतो.

लोक नव्या गाडीत काय आहे याची यादी घेऊन जातात. ती यादी सेल्समनला तोंडपाठ असते, तुम्ही कशाला वाहताय. तुम्ही आपल्या गाडीची यादी घेऊन जा. प्रत्येक ओळ ही एक परीक्षा आहे आणि नव्या गाडीने फक्त तेवढीच द्यायची आहे. माझा मेव्हणा सहा फुटी. त्याने एक गाडी रंग आणि आवाजावर घेतली आणि महिन्याभराने त्याला कळलं की वळताना त्याचा गुडघा हँडलला लागतो. दोन महिन्यांत विकली, पस्तीस हजारांना खड्डा. पाच मिनिटं बसून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

दुसऱ्यांदा मंगळवारी सकाळी दहाला, शोरूम उघडताना गेलो. सणाच्या तोंडावर आणि शनिवार-रविवारी जाऊ नका. साताऱ्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रविवारी तर कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्यांमुळे कुठल्याच रस्त्यावर काही तपासता येत नाही. सकाळी लवकर जाण्याचा अजून एक फायदा आहे: इंजिन थंड असतं. थंड इंजिन एका बटणावर उठतं का, पहिल्या दोन मिनिटांत गिअर अडखळतो का, हे तेव्हाच कळतं. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की अर्धा तास लागेल आणि चढाचा रस्ता हवा. सरळ सांगितलं तर बहुतेक वेळा देतात. लायसन्सची झेरॉक्स द्यावी लागते, एका फॉर्मवर सही घेतात. सही करण्याआधी तो फॉर्म वाचा. गाडी पडली तर खर्च कोणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. डेमोच्या गाडीचा विमा चालू आहे ना, तेही विचारून घ्या. हेल्मेट आणि बूट आपलेच न्या. डोक्याला सैल होणाऱ्या हेल्मेटमधून वाऱ्याचा आवाज येतो आणि शिवी गाडीला बसते.

चालवायच्या आधी ढकला. हे कोणीच करत नाही. क्लासिकचं वजन १९५ किलो आहे, माझ्या गाडीचं १४४. मधला फरक म्हणजे सिमेंटचं एक पोतं, वर एक किलो. चालताना हे पोतं जाणवत नाही, उलट गाडी रस्त्याला धरून चालते. जाणवतं ते गाडी बंद असताना. आमचं घर जुन्या वाड्यात आहे, रस्त्यापासून आत बोळ, बोळाला आतल्या बाजूला उतार. सकाळी गाडी उलटी, चढावर ढकलत बाहेर काढावी लागते. शोरूमच्या दाराला रॅम्प होता. मी सेल्समनला म्हटलं, ही खाली घ्या, मी उलटी वर नेतो. तो हसला. मी डावा हात हँडलवर, उजवा मागच्या सीटवर ठेवून ढकलायला लागलो. दोन फूट गेली आणि थांबली. पुढचा ब्रेक दाबून धरला, श्वास घेतला, मांडी सीटला लावली आणि मग गेली. चप्पल घातलेली असती तर गेली नसती. घरी येऊन कागदावर लिहिलं: "रोज सकाळी हे. पावसाळ्यात शेवाळ्यावर हे." बोळाच्या दरवाजाची रुंदी टेपने मोजून नेली होती. आरसे आत वळवले तर चार बोटं उरत होती.

उंची साडेपाच फूट असणाऱ्यांनी अजून एक करावं. सीटची उंची कागदावर ८०५ मिलिमीटर आहे, माझ्या गाडीची ७८५. दोन सेंटिमीटरचा फरक काहीच वाटत नाही. पण पाय टेकतात की नाही हे उंचीइतकंच सीटच्या रुंदीवरही ठरतं. रुंद सीट मांड्या फाकवते आणि टाचा वर जातात. म्हणून सपाटीवर नाही, रस्त्याच्या कडेला, जिथे एक बाजू खोलगट असते तिथे थांबून पाय टेकून बघा. सिग्नलला आपण तसेच उभे असतो.

आता राइड. माझी पद्धत अशी: आधी आपली गाडी, मग नवी, मग पुन्हा आपली. तिन्ही वेळा तोच रस्ता. शेवटची फेरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक सोडतात. मी शोरूमला पोचायच्या आधीच माझ्या गाडीवर एक फेरी मारून आलो होतो: पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून खाली जाऊन वर, राजवाड्याच्या गर्दीतून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वर घाटाची पहिली दोन-तीन वळणं आणि परत. सात-आठ किलोमीटरमध्ये उतार, चढ, गर्दी, वळण, खड्डे सगळं मिळतं. खड्डे शोधायला तर ऑक्टोबरमध्ये कष्ट पडतच नाहीत.

नवी गाडी हातात आली की पहिला एक किलोमीटर कसलंच मत बनवू नका. हात-पाय जुन्या गाडीचे असतात. मी स्टार्टरचं बटण शोधत राहिलो, तर तिथे गोल फिरवायचा खटका. हॉर्न दाबायला गेलो आणि भलतंच काहीतरी दाबलं. माझ्या गाडीला गिअर फक्त पंजाने पडतात, इथे टाचेचाही दांडा आहे, तो पहिले दोन सिग्नल मधे मधे येत राहिला. हे सगळं आठवड्यात सवयीचं होतं. याला गाडीचा दोष समजू नका आणि गुणही समजू नका.

सेल्समन मागे बसणारच. बसू द्या, फुकटचं सत्तर किलोचं वजन मिळतं. फक्त तो बोलत राहतो. मी म्हटलं, "भाऊ, परत आल्यावर सगळं ऐकतो, आता मला गाडीचं ऐकू दे." बिचारा गप्प बसला.

पिकअप तपासताना लोक मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल पिळून बघतात. त्याने काही कळत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडला या आणि गिअर न बदलता हळूहळू थ्रॉटल द्या. माझी पल्सर इथे डबलसीट असताना कुथते, दुसरा टाकावाच लागतो. क्लासिक तिसऱ्यातच गुरगुरत चढली. याचं कारण आकड्यांत आहे आणि ते मजेशीर आहे. पॉवर बघितली तर माझ्या गाडीची १५ पीएस, क्लासिकची २०.२ बीएचपी (दोन्ही मापं जवळपास एकच). पण वजनाने भागलं तर किलोमागे दोघींची ताकद जवळपास सारखीच येते! फरक टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात आहे. माझ्या गाडीचा साडेबारा न्यूटन-मीटर, तोही साडेसहा हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेईल तेव्हा. क्लासिकचा २७, आणि चार हजारालाच. गिअरचे दाते वेगळे असल्याने चाकावर नेमका हाच हिशोब उतरत नाही, पण रोजच्या चालवण्यात दिसतं ते हेच: एकीला जोर काढायला पळवावं लागतं, दुसरी चालता चालता जोर देते. तुमचं काम ऐंशी-नव्वदने सुसाट जायचं असेल तर तुम्हाला कदाचित तुमचीच गाडी जास्त चपळ वाटेल. माझ्या कागदावरची ओळ चढावरच्या ओव्हरटेकची होती. ती सुटली.

ब्रेक. यासाठी जागा रिकामी हवी, मागे कोणी नको, सेल्समनला आधी सांगून खाली उतरवा. चाळीसचा स्पीड, एक विजेचा खांब ठरवायचा, खांबापाशी दोन्ही ब्रेक एकदम पण दाबत दाबत लावायचे, आणि थांबल्यावर पावलं मोजायची. माझ्या गाडीवर चौदा पावलं आली होती, नव्या पॅडसकट. क्लासिकवर अकरा. स्पीडोमीटर साधारणपणे थोडं जास्तच दाखवतात आणि दोन गाड्यांचे सारखंच जास्त दाखवतील असं नाही, म्हणून एक-दोन पावलांच्या फरकावर जाऊ नका. मला तीन पावलांपेक्षा महत्त्वाचं वाटलं ते हे की माझ्या गाडीवर थांबताना मागचा भाग किंचित तिरका गेला होता आणि इथे पायाखाली ब्रेकचा दांडा थरथरला फक्त. ते एबीएस. नवखा माणूस त्या थरथरीला घाबरून ब्रेक सोडतो. सोडायचा नाही, धरून ठेवायचा. दोन्ही चाकांना एबीएस आहे की फक्त पुढच्या, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, कागदावर बघून घ्या. डेमोला एक आणि तुमच्या बजेटात दुसरंच, असं होतं.

स्पीडब्रेकर एकदा वीसने, एकदा तीसने, आणि तिसऱ्यांदा मागे माणूस बसवून. गर्दीतून अरुंद यू-टर्न. मग इंजिन गरम झाल्यावर पाच मिनिटं चालू ठेवून नुसतं उभं राहायचं, गुडघे इंजिनजवळ. राजवाड्याच्या कोपऱ्यावर आपण तसेच उभे असतो.

शेवटी बायकोला बोलावून घेतलं. मागे बसणाऱ्याची टेस्ट राइड ही वेगळी असते, कृपा करून ती तुम्ही स्वतःच उरकू नका. ती आधी एका बाजूला पाय सोडून बसली, मग दोन्हीकडे. एक चक्कर मारून आलो. उतरल्यावर म्हणाली, "खड्डा आला ते मला तुमच्या मानेवरून कळलं, मला बसला नाही." मी खूश. तेवढ्यात तिने विचारलं, "पण ही आपल्या बोळातून बाहेर कोण काढणार? तुम्ही मीटिंगला पुण्याला गेलात की मी?" अधूनमधून तीही गाडी घेऊन शाळेत जाते. हे माझ्या कागदावर नव्हतंच.

मग लगेच माझ्या गाडीवर बसून तीच फेरी. पहिली पाच मिनिटं आपल्या गाडीवर अन्याय होतो, ती सायकलसारखी वाटते, हँडल उगाच डगमगतंय असं वाटतं. थांबा. राजवाड्यापाशी पोचेपर्यंत हात परत जुळले. भाजीवाल्याची गाडी, मधेच थांबलेली रिक्षा, समोरून उलटी येणारी स्कूटी, यांच्यामधून ती पाण्यासारखी निघाली. क्लासिकवर याच ठिकाणी मी दोनदा थांबून वाट बघितली होती. मग चढ लागला आणि थ्रॉटल पिळताना हँडलला मुंग्या आल्या. त्या मुंग्या चौदा वर्षं येत असणार, त्या दिवशी पहिल्यांदा जाणवल्या. दुसऱ्या कुठल्याच फेरीत हे दोन्ही कळलं नसतं. कागद खिशात होता, तिथेच चढावर बाजूला थांबून लिहिलं. संध्याकाळी लिहीन म्हणाल तर विसराल, किंवा आवडलेल्या गाडीच्या बाजूने लिहाल.

पैशांचं थोडक्यात. एक्स-शोरूम किंमत ऐकून हुरळू नका, ऑन-रोड आकडा फोड करून लिहून मागा: रोड टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज. २०१८ पासून नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा भरावा लागतो, म्हणून ती रक्कम मोठी दिसते, ती फसवणूक नाही. लेगगार्ड, कव्हर, सीट कव्हर यांना नाही म्हणता येतं. पेट्रोलचा हिशोब माझा असा: वर्षाला अकरा हजार किलोमीटर. पन्नासच्या ॲव्हरेजला २२० लिटर, पस्तीसच्या ॲव्हरेजला ३१४. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे वर्षाला नऊ-दहा हजार जास्त. हा आकडा बायकोला मीच सांगितला, तिने शोधून काढण्याआधी.

आता कागदावर उरलंय काय? कंबर: अर्ध्या तासात कळत नाही. सीट दहा मिनिटं सगळ्यांचीच मऊ असते. यासाठी ती गाडी वापरणाऱ्या एका केमिस्ट मित्राकडून रविवारी तीन तास मागून घेतली, लिंब, पाचवड करत वाईपर्यंत जाऊन आलो. कंबर धरली नाही, डाव्या हाताचं मनगट मात्र क्लचमुळे थोडं दुखलं. बोळ: शेजारच्या काकांच्या अंगणात पुढच्या बाजूला गाडी लावू देतात का, ते विचारलंय, महिन्याला काही देऊ म्हटलंय. काका विचार करतायत.

आणि पावसातला ब्रेक. खरी तक्रार तीच होती आणि मंगळवारी ऊन पडलेलं. कोरड्या रस्त्यावरची अकरा पावलं मला त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. सेल्समनला म्हटलं, पाऊस पडला की मला एकदा परत गाडी द्या, वीसच्या स्पीडनेच चालवेन, बुकिंगचं तेव्हा बघू. त्याने माझ्याकडे असं बघितलं की हा माणूस गाडी घेणार नाही. पण नंबर लिहून घेतला. काल दुपारी मी कोरेगावात डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला: "साहेब, साताऱ्यात ढग आलेत. येताय का?"